मंथली ते लुक्ला: वीस मिनिटांचं विमान आणि त्याआधीची रांग

एव्हरेस्ट बेस कॅम्पला निघालेले आपल्याकडचे ट्रेकर सहा-सहा महिने सिंहगडाच्या फेऱ्या मारतात, पाठीवर वजन घेऊन जिने चढतात, थंडीचे कपडे गोळा करतात. तयारीत एक गोष्ट मात्र हमखास सुटते: लुक्लाचं, म्हणजे ट्रेक जिथून सुरू होतो त्या डोंगरातल्या गावाचं, विमान. ट्रेकच्या वेळापत्रकात त्याला अर्धी ओळ मिळते, ‘दिवस दुसरा, काठमांडू ते लुक्ला विमानाने’. प्रत्यक्षात या अर्ध्या ओळीत सगळा ट्रेक दोन-तीन दिवसांनी मागे ढकलण्याची ताकद आहे. म्हणून हे परीक्षण फक्त त्या विमानसेवेचं. डोंगर, लॉज आणि वाटा यांबद्दल इतरत्र भरपूर लिहिलं गेलं आहे.

निकाल आधीच सांगतो. विमान चालवणारी माणसं उत्तम, प्रवास विलक्षण सुंदर, जमिनीवरची व्यवस्था दमवणारी. आणि तिकिटावर वेळ छापलेली असली तरी हातात पडतो तो त्या सकाळच्या रांगेतला एक क्रमांक. हे ध्यानात घेऊन दिवस आखले तर सेवा पैसा वसूल आहे. मुंबईचं तिकीट ट्रेक संपल्याच्या दुसऱ्या दिवसाचं काढून ठेवलं असेल तर मात्र मनस्ताप ठरलेला.

पहिला गोंधळ विमान कुठून सुटतं याचाच असतो. वसंतात आणि शरदात, म्हणजे साधारण मार्च ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या गर्दीच्या काळात, लुक्लाची बहुतेक विमानं काठमांडूहून उडत नाहीत. ती रामेछाप जिल्ह्यातल्या मंथली गावाहून सुटतात. तिकिटावर ‘रामेछाप’ असं लिहिलेलं असतं आणि ते काठमांडूचंच एखादं उपनगर असावं अशा समजुतीने लोक काठमांडूतल्या ठामेल या पर्यटकांच्या वस्तीत हॉटेल घेऊन बसतात. मंथली काठमांडूपासून रस्त्याने सुमारे १३० किलोमीटर आहे. डोंगरी रस्त्याने चार ते पाच तास लागतात, पावसाने रस्ता खचला असेल तर जास्त.

हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? काठमांडूच्या त्रिभुवन विमानतळाला धावपट्टी एकच. गर्दीच्या दिवसांत मोठ्या विमानांच्या मधे लुक्लाच्या छोट्या विमानांना जागा मिळेपर्यंत लुक्लाची सकाळ निघून जाते. मंथलीहून लुक्ला १५ ते २० मिनिटांवर, काठमांडूहून ३० ते ३५. अंतर कमी आणि आकाश मोकळं, त्यामुळे तेच विमान एका सकाळी जास्त फेऱ्या मारू शकतं. विमानाच्या हिशेबाने ही सोय आहेच. प्रवाशाच्या झोपेच्या हिशेबाने नाही. ट्रेक कंपन्या रात्री एक-दोन वाजता काठमांडूहून गाडी काढतात आणि पहाटे मंथलीला सोडतात. आमचं स्पष्ट मत: आदल्या दिवशी दुपारीच निघून मंथलीत मुक्काम करावा. गावात साधी लॉज आहेत, तंबूंची सोयही होते. खोलीकडून फार अपेक्षा ठेवू नयेत, पण चार तास पाठ टेकता येते. शिवाय धुलिखेलवरून जाणारा बीपी महामार्ग अरुंद आणि नुसता वळणावळणांचा आहे. जपानच्या मदतीने बांधलेला हा रस्ता २०१५ मध्ये पूर्ण झाला आणि सप्टेंबर २०२४ च्या पुरात रोशी नदीकाठचे त्याचे बरेच तुकडे वाहून गेले. अशा रस्त्यावर रात्रीचा प्रवास टाळता येत असेल तर टाळावा. गाडी लागणाऱ्यांनी गोळी निघण्यापूर्वी अर्धा तास घ्यावी, धुलिखेल सुटल्यावर उपयोग नाही.

हिवाळ्यात आणि एकूणच गर्दी नसताना काठमांडूहून थेट विमानं मिळतात. तेव्हा आधी तिकीट पाहावं, मग हॉटेल ठरवावं. घड्याळही तपासावं: नेपाळची वेळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे आहे. हातातलं घड्याळ भारतीय वेळेवर राहिलं तर सहाची हजेरी सव्वासहाला लागते, आणि पहिल्या फेरीसाठी ही पंधरा मिनिटं महाग पडतात.

तिकिटाचे दर तीन प्रकारचे असतात: नेपाळी नागरिक, भारतीय आणि इतर परदेशी. भारतीय दर इतर परदेशी दरापेक्षा बराच कमी असतो. बुकिंग करताना राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात भारतीय निवडलं आहे ना, हे स्वतः पाहावं. विमानतळावर पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र दाखवावं लागतं. नेपाळला विमानाने जाण्यासाठी १५ ते ६५ वर्षांच्या प्रवाशांना आधार कार्ड चालत नाही, हे अजूनही पुष्कळांना माहीत नसतं. कुटुंबातलं कोणी अमेरिकेचा किंवा ब्रिटनचा पासपोर्ट घेऊन येत असेल तर त्या व्यक्तीला परदेशी दर लागतो. गटाचं तिकीट एकत्र काढताना हा फरक आधी धरला नाही, तर काउंटरवर पहाटे पाच वाजता हिशेब सोडवत बसावं लागतं.

सामानाची मर्यादा माणशी १५ किलो: १० किलो मोठी बॅग, ५ किलो हातातली. काट्यावर दोन्ही ठेवायला सांगतात. जास्त वजनाचे किलोमागे पैसे घेतात, पण पैसे भरले म्हणून ते सामान त्याच फेरीत जाईल असं नाही. १५ किलो ऐकायला भरपूर वाटतात. स्लीपिंग बॅग दीड ते दोन किलो, पिसांचं जॅकेट पाऊण ते एक, डफल बॅग स्वतःच एक, औषधं आणि प्रसाधनं दीड, चार्जर-पॉवर बँक-कॅमेरा मिळून दोन, भरलेली पाण्याची बाटली एक. कपड्यांना उरतात सहा-सात किलो. मराठी गटांचं वजन जातं ते खाऊत: चिवडा, शंकरपाळे, बेसनाचे लाडू, मेतकूट, लोणच्याच्या बरण्या. दहा जणांनी प्रत्येकी दोन किलो आणले तर वीस किलो झाले, आणि वाटेतल्या नाम्चे गावाच्या पुढे त्यातलं अर्धं कोणाच्या घशाखाली उतरत नाही. गटाचा खाऊ आधीच मोजून सगळ्यांत वाटावा. स्लीपिंग बॅग आणि जॅकेट ठामेलमध्ये भाड्याने मिळतात, तेव्हा पुण्याहून वाहून आणायचीच गरज नाही.

वजन चुकवायला लोक जड बूट घालतात, जॅकेटच्या खिशांत चार्जर आणि सुकामेवा कोंबतात. बूट पायात असावेत हे ठीकच. पण खिशात कोंबलेलं वजनसुद्धा विमानच उचलतं. १९ आसनांच्या ट्विन ऑटर विमानात या मार्गावर बहुधा १४-१५ प्रवासीच घेतात, कारण उंचावरच्या आखूड पट्टीसाठी वजनाचा हिशेब कसोशीने केलेला असतो. त्या हिशेबाशी खेळू नये.

पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेत, चाकू मोठ्या बॅगेत. काडेपेटी, लायटर आणि स्टोव्हचे गॅस सिलिंडर कुठेच नाहीत. हातातल्या बॅगेत एक दिवस निभावेल इतकं सगळं हवं: रोजची औषधं, गरम कपडे, टोपी, पैसे, कागदपत्रं. मोठी बॅग मागच्या फेरीने येणं हा इथला नेहमीचा प्रकार आहे. मागची फेरी ढगांमुळे रद्द झाली की बॅग मंथलीत आणि मालक लुक्लात.

मंथलीचं टर्मिनल लहान आहे आणि गर्दीच्या पहाटे त्यात उभं राहायला जागा नसते. सूचना ध्वनिक्षेपकापेक्षा तोंडीच जास्त मिळतात, म्हणून आपल्या विमान कंपनीच्या काउंटरच्या नजरेच्या टप्प्यात राहावं. समुद्रसपाटीपासून जेमतेम पावणेपाचशे मीटर उंचीवरचं, तामाकोशी नदीकाठचं हे गाव ऊन चढलं की चांगलंच तापतं. लुक्लासाठी अंगावर चढवलेले थर इथे काढून हातात घ्यावे लागतात. चहा, अंडी, नूडल्स बाहेर मिळतात.

फेऱ्यांची पद्धत समजून घ्यावी. एक विमान पहिली फेरी करून परत येतं, मग दुसरी, मग तिसरी. लुक्लाला उतरून प्रवासी आणि सामान बदलून विमान दहा-पंधरा मिनिटांत पुन्हा उडतं, कित्येकदा एक इंजिन चालूच ठेवून. म्हणून बुकिंग करताना कंपनीकडून ‘पहिली फेरी’ किंवा फार तर दुसरी मागून घ्यावी. चौथी-पाचवी फेरी म्हणजे दहाच्या पुढची वेळ, आणि तेव्हा लुक्लाचं दार बंद व्हायला लागलेलं असतं.

ते बंद का होतं, याचं कारण त्या पट्टीच्या रचनेतच आहे. लुक्लाची धावपट्टी ५२७ मीटर लांब आहे. पुण्याची धावपट्टी अडीच किलोमीटरच्या आसपास, म्हणजे तिच्या जवळजवळ पाचपट. लुक्लाची पट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे २८४५ मीटरवर आहे, कळसूबाईच्या माथ्यापेक्षा जवळपास १२०० मीटर उंच. तिला ११.७ टक्के उतार आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साठेक मीटरचा फरक, म्हणजे वीस मजली इमारतीएवढा. खालचं टोक दरीत तुटतं, वरच्या टोकाला भिंत आणि तिच्यामागे डोंगर. त्यामुळे उतरायचं ते नेहमी दरीकडून चढावर आणि उडायचं ते नेहमी डोंगराकडून उतारावर. वारा कुठूनही असो, दिशा बदलत नाही.

या उंचीवर हवेची घनता समुद्रकाठच्या तीन-चतुर्थांश असते. पंखांना तेवढाच आधार मिळावा म्हणून विमानाला जमिनीच्या सापेक्ष सुमारे १५ टक्के जास्त वेगाने यावं लागतं, आणि थांबवताना जिरवायची ऊर्जा जवळपास एक-तृतीयांशाने वाढते. हे काम उतार करतो. उतरताना चढण वेग खाते, उडताना उतार वेग देतो. म्हणजे पाहणाऱ्याच्या पोटात गोळा आणणारा तो उतार हीच या विमानतळाची सगळ्यात मोठी सोय आहे. पट्टी सपाट असती तर एवढ्या लांबीत इथे ही विमानं चालवणं अवघड झालं असतं.

आता वारा. सकाळी ऊन पडलं की दूधकोशी नदीच्या दरीतली हवा तापते आणि वर सरकू लागते. दरी दक्षिणेला उघडी, तेव्हा वारा दक्षिणेकडून डोंगराच्या दिशेने वाहतो. उतरणाऱ्या विमानाला तो पाठीमागून लागतो, वेग कमी होऊ देत नाही, आणि पट्टी ५२७ मीटरच असते. याच वाऱ्याबरोबर दरीतली वाफ वर येते आणि ढग पट्टीला टेकतात. लुक्लाला ढगांतून विमान खाली आणणारी उपकरणप्रणाली नाही, वैमानिक डोळ्यांनी पाहून उतरतो. शेवटच्या टप्प्यात समोर डोंगर असल्यामुळे पुन्हा वर उचलून फेरी मारायलाही वाव नाही. म्हणून निर्णय दरीत शिरण्यापूर्वी घ्यावा लागतो. काउंटरवरचा माणूस ‘लुक्ला बंद’ म्हणतो त्यामागे एवढं सगळं असतं. त्याच्याशी भांडून काहीही निष्पन्न होत नाही. मंथलीवर निळं आकाश दिसतं म्हणून लुक्ला उघडं आहे असं होत नाही, मधल्या डोंगररांगेवरचं हवामान तर तिसरंच.

सुरक्षिततेबद्दल गुळमुळीत बोलू नये. युरोपियन संघाने डिसेंबर २०१३ पासून नेपाळच्या सगळ्या विमान कंपन्यांना आपल्या आकाशात बंदी घातली. लुक्लात ८ ऑक्टोबर २००८ रोजी धुक्यात उतरणारं विमान पट्टीच्या अलीकडे कोसळलं आणि १८ जण गेले. १४ एप्रिल २०१९ रोजी उड्डाणासाठी धावणारं विमान पट्टी सोडून उभ्या हेलिकॉप्टरवर आदळलं, त्यात तिघांचा मृत्यू झाला. दुसरी बाजू अशी की इथे उतरायला वैमानिकाकडे आखूड पट्ट्यांवरच्या किमान शंभर उड्डाणांचा आणि नेपाळमधल्या अशा उड्डाणांचा एक वर्षाचा अनुभव लागतो, आणि प्रशिक्षकाबरोबर लुक्लाच्या दहा फेऱ्या पूर्ण कराव्या लागतात. आमच्या मते इथला खरा धोका आखूड पट्टीपेक्षा घाईत आहे. उशीर झाला तर तो सोसावा, आणि ‘आज कसंही करून काढा’ असा दबाव आपल्या गटाकडून तरी येऊ देऊ नये.

प्रत्यक्ष उड्डाणाला तक्रारीची जागा नाही. आसन क्रमांक नसतात, आधी चढेल त्याची खिडकी. जाताना डावीकडे बसावं, हिमशिखरं त्या बाजूला असतात, येताना उजवीकडे. हवाईसुंदरी कानात घालायला कापूस आणि चघळायला गोळी देते. दोन्ही घ्यावं, कारण आवाज मोठा असतो आणि कानाला दडे बसतात. वैमानिकांची जागा उघडीच असल्याने पुढच्या रांगेतून काचेबाहेरची पट्टी दिसते: हिरव्या डोंगराला लावलेली करडी पट्टी, आधी बोटाएवढी, मग एकदम अंगावर. चाकं टेकतात, चढ लागतो, शरीर पुढे झुकतं, विमान वरच्या सपाटीवर वळून थांबतं. सगळं अर्ध्या मिनिटात.

ही पट्टी १९६४ मध्ये एडमंड हिलरी यांच्या देखरेखीखाली बांधली गेली. जमीन शेर्पांकडून विकत घेतली होती. माती दबावी म्हणून गावकऱ्यांना छांग, म्हणजे घरगुती बिअर, पाजून तिच्यावर पाय आपटत नाचायला लावलं, अशी हकीकत सांगतात. डांबर पडलं ते २००१ मध्ये, तोवर मातीवरच विमानं उतरत. २००८ पासून विमानतळाला तेनझिंग-हिलरी हे नाव आहे.

उतरल्यावर बॅगा एका छोट्या खोलीत येतात. आपली बॅग हातात येईपर्यंत पावती जपावी, डफल बॅगा दिसायला सारख्याच असतात. हँडलला रंगीत कापड बांधलेलं बरं. भरिया, म्हणजे सामान वाहणारे हमाल, इथेच मिळतात, मजुरी आणि वजन आधी ठरवावं. लुक्लात मुक्कामाची गरज नाही. पहिल्या दिवशी फाकडिंगला, २६१० मीटरवर, उतरत जायचं असतं, आणि पावणेपाचशे मीटरवरून वीस मिनिटांत २८४५ वर आलेल्या शरीराला ते मानवतं. गावाच्या वरच्या टोकाला पासांग ल्हामू शेर्पा यांच्या नावाची कमान आहे, एव्हरेस्टवर पोचलेल्या त्या पहिल्या नेपाळी महिला, १९९३. स्थानिक प्रवेशशुल्क लुक्लातच भरावं लागतं. सगरमाथा राष्ट्रीय उद्यानाचं शुल्क पुढे वाटेतल्या मोंजोला, भारतासह सार्क देशांच्या नागरिकांना १५०० नेपाळी रुपये आणि वर कर, इतर परदेशींना ३०००. सगळं रोख. शंभर भारतीय रुपयांना १६० नेपाळी हा दर ठरलेला आहे. लुक्लात एटीएम आहे, पण त्याच्या भरवशावर वर जाऊ नये.

परतीचं विमान हा वेगळा विषय, आणि जास्त अवघड. लुक्लात आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचावंच, कारण तिकीट पुन्हा पक्कं करण्याचं काम संध्याकाळच्या आत कंपनीच्या गावातल्या कार्यालयात होतं. बहुतेक लॉजमालक हे स्वतः करतात. तिकिटं त्यांच्या हाती द्यावीत आणि फेरी कितवी ते विचारून घ्यावं. मुख्य अडचण अशी: आपली फेरी रद्द झाली तर दुसऱ्या दिवशी आपला नंबर पहिला लागत नाही. त्या दिवशीचं पक्कं तिकीट असलेले आधी जातात, आपण त्यांच्यामागे प्रतीक्षेत. दोन दिवस सलग बंद राहिलं की रांग कशी फुगते हे यावरून कळेल. नोव्हेंबर २०११ मध्ये धुक्याने सलग काही दिवस उड्डाणं थांबली तेव्हा हजारो ट्रेकर या एका रस्त्याच्या गावात अडकले होते. हवामानामुळे फेरी रद्द झाली तर तिकिटाचे पैसे किंवा पुढची तारीख मिळते. जादा मुक्काम, जेवण आणि चुकलेलं मुंबईचं विमान यांचा भुर्दंड आपल्यालाच. काठमांडूतून घरी निघायच्या आधी किमान दोन दिवस मोकळे ठेवावेत, पावसाळ्याच्या कडेला गेलात तर तीन. मंथलीला उतरून पुढे पाच तासांचा रस्ता असतो, तेव्हा त्याच संध्याकाळचं आंतरराष्ट्रीय विमान धरू नये.

हेलिकॉप्टर हा अडकल्यावरचा मार्ग आहे. पाच जणांत वाटून घेतलं तरी ते भारतीय दराच्या विमान तिकिटापेक्षा कितीतरी महाग पडतं, आणि माणसंही वजन करून घेतात. विमानापेक्षा थोड्या खराब हवेत ते निघू शकतं; पूर्ण ढगात तेही नाही. वैद्यकीय सुटकेचा विमा काढला असला तरी त्यात ‘विमान रद्द झालं म्हणून हेलिकॉप्टर’ हा खर्च सहसा बसत नाही.

दिवस हातात असतील तर रस्ता आहे. काठमांडूहून जीपने सल्लेरीपर्यंत एक पूर्ण दिवस, तिथून दुसऱ्या जीपने खारीखोलाकडून थामडांड्यापर्यंत अर्धा दिवस किंवा अधिक, आणि पुढे सुर्केमार्गे पायी वर. पावसाळ्यात हा कच्चा रस्ता चिखलात बंद पडतो, कोरड्या दिवसांत धूळ खात हाडं खिळखिळी होतात. पण यात कोणाच्या ढगांची वाट पाहावी लागत नाही, खर्च कमी येतो आणि सामानाचा काटा नाही. दहा-बारा जणांच्या गटाने जाताना जीप आणि येताना विमान असं जमवलं तर उंचीची सवयही हळूहळू होते. उलट केलं, म्हणजे जाताना विमान आणि येताना जीप, तर मुंबईचं तिकीट चुकण्याची भीती जवळपास जाते. नोकरीच्या मोजक्या सुट्ट्यांत जाणाऱ्यांना आम्ही ही दुसरी जोडणी सुचवतो: थामडांड्याची जीप परतीच्या आदल्या दिवशी लुक्लाच्या लॉजमालकाकडूनच फोनवर सांगून ठेवावी, आणि सकाळी सातच्या आत लुक्ला सोडावं, म्हणजे दुपारी जीप गाठून अंधार पडण्यापूर्वी सल्लेरी येतं.